लिटरमागे किलोमीटर, गाडीमागे हॉर्न

इंधन वाचवण्याचे शास्त्र इतके सोपे आहे की ते पेट्रोल पंपावरच्या एका फलकावर मावते. चाकांत हवा बरोबर ठेवा, वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान असू द्या, सिग्नलला इंजिन बंद करा, क्लचवर पाय ठेवून बसू नका. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था लोकांना हेच समजावत आली आहे, आणि त्यात खोट काढावी असे एकही वाक्य नाही. अडचण एवढीच आहे की फलक लिहिणाऱ्याने गाडी आणि तिचा चालक या दोघांचाच विचार केला आहे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाच्या गाडीबाहेर सगळे ठाणे असते आणि गाडीच्या आत त्याचे कुटुंब असते, आणि या दोघांच्या मान्यतेशिवाय पेट्रोलचा एक थेंबही वाचवता येत नाही.

गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने लिटरमागे एकवीस किलोमीटरचे वचन दिले होते. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. हा आकडा प्रमाणित चाचणीतून येतो आणि अशा चाचण्या करणारी एक मान्यवर संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात आहे. तिथे गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात, आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-घटवत चाके फिरवतात. गाडी मात्र जागची हलत नाही. इंजिन चालू असताना गाडी जागची न हलण्याचा अनुभव मलाही कापूरबावडीच्या कोंडीत नियमित येतो. पुण्यातल्या गाडीची चाके तरी फिरत असतात.

वास्तविक या जागच्या जागी उभे राहण्यातच सर्वांत मोठी गळती आहे. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन नुसते धुगधुगत ठेवले तरी ते तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते, आणि त्या काळात आपण लिटरमागे किती किलोमीटर गेलो या प्रश्नाचे उत्तर शून्य असते. हल्लीच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल आत सोडणाऱ्या गाड्यांना पुन्हा सुरू व्हायला इतके थोडे इंधन लागते की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे फायद्याचे ठरते. हे वाचून मी तीन हात नाक्याच्या सिग्नलला किल्ली फिरवली. गाडी शांत झाली. ती शांतता मागच्या टेम्पोवाल्याला कशी कळली, हे कोडे मला अजून सुटलेले नाही, परंतु समोर लाल दिवा ढळढळीत दिसत असताना त्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याच्यामागचे त्याला सामील झाले. तेवढ्यात कडेने दोन सज्जन तरुण पुढे आले, त्यांतल्या एकाने काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "काका, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा, आम्ही धक्का मारतो." मी बंद पडलो नसून बंद केलेलो आहे, हे त्यांना समजावेपर्यंत ते डिकीपाशी पोहोचले होते. त्यांच्या सेवाभावाचा अवमान होऊ नये म्हणून मी न्यूट्रल टाकला आणि दहाएक फूट ढकलला गेलो. हे अंतर मी एक थेंबही न जाळता कापले, याची नोंद घ्यावी.

पुढचा नियम आहे अंतर राखण्याचा. ब्रेक दाबला की आधी पेट्रोल जाळून मिळवलेला वेग उष्णता होऊन उडून जातो, आणि तो पुन्हा मिळवायला पुन्हा पेट्रोल जाळावे लागते. म्हणून पुढच्या गाडीपासून पुरेसे लांब राहावे आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता दुसऱ्या गिअरमध्ये संथ सरकत राहावे. तत्त्व निर्दोष आहे. पण ठाण्यात मोकळी जागा शिल्लक राहिल्याचे कोणी पाहिले आहे काय? माझ्यापुढे दोन गाड्यांची जागा पडताच डावीकडून एक रिक्षा आत आली. तिच्यासाठी मी आणखी थोडे अंतर सोडले, त्यात स्कूटर आली, स्कूटरच्या मागे न्हावाशेवा बंदराकडून गुजरातकडे निघालेला एक अख्खा कंटेनर आपले नाक खुपसू लागला. मी त्या संध्याकाळी मानपाड्यापासून वाघबीळपर्यंत सगळ्या घोडबंदर रोडला पुढे जाऊ दिले. ब्रेक फारसा लावावा लागला नाही, हे खरे. मात्र मागच्या सीटवरून मुलीने शांतपणे विचारले, "बाबा, आपण पुढे जातोय की मागे?" सौ.नी त्यावर काही भाष्य केले नाही आणि खिडकीबाहेरचे मेट्रोचे खांब पाहत राहिल्या. आमच्याकडे ही शेवटची पायरी समजली जाते.

घरातल्या विरोधकांमध्ये सर्वांत अनुभवी आहेत ते माझे सासरे. ते वसईला राहतात आणि त्यांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली आहे. त्यांना सोडायला जाताना गायमुखचा घाट लागतो. चढ संपून उतार आला की ते माझ्याकडे न पाहता म्हणतात, "जावईबापू, न्यूट्रल." इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणे ही त्यांच्या पिढीची काटकसर होती, आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल आत घेणाऱ्या जुन्या गाडीत तिला काही अर्थही होता, कारण कार्ब्युरेटर गिअरमध्ये उतरतानाही थोडे पेट्रोल आत सोडतच राहतो. मी त्यांना अदबीने सांगितले की इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटे झाले आहे. गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, हे गाडीतल्या संगणकाच्या लक्षात येते आणि तो पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केले तर मात्र चाकांचा आधार सुटतो आणि इंजिनाला स्वतःच्या जिवावर धडधडत राहण्यासाठी पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च आहे आणि गिअरमध्ये फुकट आहे. शिवाय गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला आवरूनही धरते. किल्ली बंद केली तर थोड्याच वेळात ब्रेक दगडासारखे कडक होतात, स्टिअरिंग जड होते, आणि पुढच्या वळणावर कंटेनर उभा असतोच.

सासऱ्यांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी चालू, गिअर चालू, आणि पेट्रोल मात्र बंद?" मी होकार दिला. "आणि हे तुम्हाला त्या कंपनीनेच सांगितलं?" मी पुन्हा होकार दिला. त्यावर ते जे हसले ते थेट फाउंटन हॉटेलपर्यंत.

हवेचे प्रकरण त्या मानाने किरकोळ वाटेल, पण इथे माझा खरा अंत पाहिला गेला. चाकांत हवा कमी असेल तर टायर बसतो, रस्त्याशी घासतो आणि इंजिनाला जास्त ओढावे लागते. किती हवा भरावी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर एका चिठ्ठीवर छापलेले असते. माझ्या गाडीत पुढे-मागे ३० आहे. हवा टायर थंड असताना मोजायची असते, कारण गाडी चालली की आतली हवा तापते आणि दाब तीन-चार अंकांनी चढलेला दिसतो. ही सर्व माहिती घेऊन मी सकाळी घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने विचारले, "पस्तीस टाकू?" मी तीस सांगितले. त्याने टायरला हलकीशी लाथ मारली, नळी लावली, आणि पस्तीस टाकली. मी दार उघडून त्याला चिठ्ठी दाखवली. त्याने ती पूर्ण वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "ही कंपनीची हवा आहे साहेब. आपल्या रस्त्याला पस्तीसच लागते." मी पाच उतरवायला सांगितल्यावर त्याने खिळ्याच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून धरला, आणि ती फुस्स करून जाणारी हवा माझ्या पदरचे पैसे वाया जात असल्यासारखी हळहळत पाहत राहिला. निघताना त्याने नायट्रोजनही सुचवला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, असे मी म्हणालो. उरलेल्या बावीस टक्क्यांचेच पैसे तो घेतो, असे त्याने सांगितले. या उत्तराला तोड नाही.

डिकीतले वजन कमी करावे, हाही एक सर्वमान्य सल्ला. सुमारे ४५ किलो ओझे उतरवले तर मायलेज एक टक्क्याच्या आसपास सुधारते, लहान गाडीत त्याहून थोडे अधिक. आमच्या डिकीत सासूबाईंनी वसईहून दिलेला दगडी पाटा-वरवंटा आहे. तो डोंबिवलीला मेव्हणीकडे पोहोचता करायचा आहे. ओझे साधारण वीस किलोचे धरले तर त्यापायी महिन्याला जेमतेम पावशेर पेट्रोल जास्त जळते. उलट शिळफाट्यावरून डोंबिवलीला जाऊन यायचे तर तिथल्या कोंडीसकट चारेक लिटर सहज जातील. म्हणजे हा पाटा सव्वा वर्ष डिकीत बाळगणे हे तो आज पोहोचवण्यापेक्षा स्वस्त आहे. मी हा हिशेब कागदावर मांडून सौ.ना दाखवला. तो कागद त्यांनी फोटो काढून मेव्हणीला पाठवला. तेव्हापासून डोंबिवलीकडून माझ्याशी कोणी बोललेले नाही, आणि त्यामुळे तिकडे जाण्याचे पेट्रोलही वाचले आहे.

एसीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. संथ गतीला एसी बंद ठेवून काचा उघडणे किफायतशीर असते आणि महामार्गावरच्या वेगात काचा मिटून एसी लावणे, कारण वेगात उघड्या काचांमुळे वाऱ्याचा अडसर वाढतो. परंतु आमची संथ गती जिथे असते तिथे मेट्रोच्या कामाची धूळही असते. काचा उघडून मी वाचवलेले पेट्रोल दोन आठवड्यांत खोकल्याच्या औषधाला गेले. शेवटी तडजोड अशी झाली की उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिला मिनिटभर काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यायची, मग एसी लावायचा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबायचे. म्हणजे निदान त्याला सारे ठाणे गार करावे लागत नाही.

नवी मुंबईतल्या पामबीच मार्गावर मात्र मी एकदा शास्त्राप्रमाणे गाडी हाकली. डावी कड, पाचवा गिअर, काटा पन्नासवर स्थिर, अ‍ॅक्सिलरेटरवर अंड्यावर ठेवावा तसा पाय. बेलापूरहून वाशीकडे येताना मला सर्वांनी मागे टाकले. त्यांत एक शाळेची बसही होती, आणि तिच्या मागच्या काचेतून एका मुलाने मला हात करून धीर दिला. डॅशबोर्डवर लिटरमागे बावीसचा आकडा झळकत होता. मी तो सौ.ना दाखवला. "अहो, आकडा नका बघू, रस्ता बघा," एवढेच त्या म्हणाल्या.

तसाही डॅशबोर्डच्या आकड्यावर माझा पुरता विश्वास नाही. खरी पद्धत म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचे, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा नळी बंद होईपर्यंत भरून भागाकार करायचा. या पद्धतीचा शत्रू आहे तो पंपावरचा मुलगा. नळी टक् करून बंद होते, मीटरवर २,१६३ रुपये दिसतात, आणि तो म्हणतो, "बावीसशे करू, साहेब?" मी नको म्हणेपर्यंत त्याने दोनदा दाबलेले असते. माझा सगळा भागाकार या राउंड फिगरमध्ये बुडतो. इतर मंडळी त्याच पंपावर भल्या पहाटे गार पेट्रोल जास्त मिळते म्हणून रांग लावतात. टाक्या जमिनीत पुरलेल्या असल्यामुळे आतल्या पेट्रोलला पहाट कळतच नाही, हे त्यांना सांगून पाहिले. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते, ते मागता येते. ते मागण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

मधल्या काळात पेट्रोलच बदलले. आता त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांचे मायलेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज निती आयोगाने २०२१च्या अहवालात दिलेला आहे. म्हणजे हवा, पाटा आणि एसी यांतून मी जे कमावले त्यातले बरेचसे उसात गेले. डॉक्टरांनी मला साखर बंद केल्यापासून आमच्या घरात ऊस उरला आहे तो फक्त गाडीच्या टाकीत.

तरीही शिल्लक पडली, हे मान्य करावे लागेल. सर्व राउंड फिगर वजा जाता महिन्याला पाच-सहा लिटरची बचत दिसू लागली आणि मी ती जेवताना जाहीर केली. ही रक्कम कुटुंबाच्या सहनशक्तीतून आलेली असल्यामुळे तिच्यावर कुटुंबाचा हक्क आहे, असा ठराव झाला आणि रविवारी सकाळी मामलेदार मिसळ खायला जायचे ठरले. सासरेही वसईहून आले होते. स्टेशनच्या बाजूला गाडी लावायला जागा शोधत आम्ही पहिल्या गिअरमध्ये फिरू लागलो. कोर्टनाका, तलावपाळी, पुन्हा कोर्टनाका. हाफ क्लचवर इंच-इंच सरकताना डॅशबोर्डवरचा आकडा साडेचारवर आला होता. शेवटी एका पे-अँड-पार्कच्या तोंडाशी थांबून मी इंजिन बंद केले. तिथला माणूस लगबगीने धावत आला, बॉनेटवर हात आपटला आणि म्हणाला, "बंद नका करू साहेब, चालूच ठेवा. एक गाडी आता निघेलच."

मागून सासरे म्हणाले, "जावईबापू, न्यूट्रल."