गरम राहते म्हणे!

कॉफी मशीनच्या खोक्यावर छापलंय, कॉफी त्याच्या थर्मासमध्ये तासन्‌तास गरम राहील. राहील ना! आधी थर्मास उकळत्या पाण्याने विसळून तापवायचा, मगच. म्हणजे कॉफीच्या मशीनसाठी मी सकाळी सहाला गॅसवर पाणी उकळत उभी. मग मशीन आणलं कशाला, शोभेला?

मशीनचं झाकण वर उघडतं. आमच्या दादरच्या स्वयंपाकघरात वर कपाट. रोज ते धूड ओट्याच्या कडेला ओढा, पाणी भरा, परत ढकला. थर्मासचं तोंड एवढंसं, हात जात नाही. आतला तपकिरी थर काढायला मुंग्या पाळू? ओतताना निम्मी कॉफी ओट्यावर, आणि तळाचे दोन घोट पागडीवरच्या भाडेकरूसारखे हलायला तयार नाहीत.

माटुंग्याहून ताजी पूड आणली, सवयीने चिकोरीवाली. झालं! कागदी फिल्टर तुंबला, गाळ बाहेर.

आणि मशीनवरचा तो दिवा! क्षार काढा, क्षार काढा. अरे, भातसा-वैतरणा धरणांचं मऊ पाणी आहे हे, कसले क्षार? पण तो क्षार बघतच नाही मुळी, कॉफीच्या नुसत्या फेऱ्या मोजतो. सोसायटीच्या वॉचमनसारखा, गाडी कोणाची का असेना, शिट्टी वाजवणारच.

तिकडे सासूबाई पातेल्यात दूध-कॉफी उकळून, बशीत ओतून, फुर्र करून मोकळ्या. वर विचारतात, "झाली का गं तुझी?"

नाही हो आई. पडतेय. थेंब थेंब. आठची फास्ट लोकल गेली, तरी पडतेय!