डाव्या कानातला न्यायनिवाडा

फोंड्याच्या बसमध्ये मी हिपहॉप, म्हणजे ढोलाच्या ठोक्यावर बोलत म्हटलेलं रॅप, ऐकत होतो; शेजारच्या काकांनी माझ्या डाव्या कानातला इयरबड न विचारता काढला, शर्टाला पुसला आणि स्वतःच्या कानाशी धरला. काढला ह्याचा राग नाही. पुसला!

काकांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं घुमट होतं, गोव्याचं मातीचं तालवाद्य. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली, कातडं सैल पडलेलं. म्हणजे माणूस तालातला. मी आशेने पाहत राहिलो.

"कितें रे हें?" काका अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. "आता पेटी लागेल, मग लागेल म्हणून थांबलो. पेटी नाही, तंबोरा नाही. नुसतं चक् चक् चक्. आणि हा गातोय कुठे? हा कुणाशी तरी भांडतोय."

त्यांची चूक नाही, धरण्याची पद्धत चूक. बडची रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही की सगळ्यात आधी खर्ज पळतो. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा, दम साधारण ५० ते १०० हर्ट्‌झमध्ये असतो; बड दोन बोटांत लोंबता धरला की तो गायब, उरतो हाय-हॅट, म्हणजे झांजांची ती चक् चक्, आणि एक चिडलेला माणूस. फोनच्या स्पीकरवरही हेच होतं. हिपहॉपची निम्मी बदनामी दुसऱ्यांच्या फोनवरून ऐकल्यामुळे झाली आहे. उरलेली निम्मी कळंगुटला भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट थरथरवत फिरणाऱ्या पाहुण्यांनी केली. त्यांना फक्त खर्जच पुरतो.

"पण ह्याचा नाद लागतो तरी कसा?" काकांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "वाईट संगत."

नाद लागतो ढोलामुळे. शब्द फार नंतर कळतात. हिपहॉपची सुरुवातही तिथूनच मानतात. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यूच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने शाळेच्या कपड्यांचे पैसे जमवायला पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाणारा गप्प होऊन नुसता ढोल उरतो त्या काही सेकंदांसाठीच नाचणारे थांबून असतात, हे त्याने हेरलं होतं. पुढे तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवू लागला: एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तेवढ्यात पहिली हाताने मागे फिरवायची. सुई जरा पुढेमागे पडली की ठोका घसरतो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. म्हणून पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश ह्या दुसऱ्या डीजेने तबकडीवर मेणखडूने खुणाच करून ठेवल्या.

काकांनी ह्यातलं एवढंच घेतलं: "बहिणीच्या कपड्यांसाठी? मग मुलगा वाईट नव्हता."

आणि मग, "ह्यात कठीण काय? ऐक!" घुमटावर थाप मारत काका सुटले: "रायबंदर जुने गोवे खोर्ली बाणस्तारी भोम कुंडई..." कंडक्टर खिदळला. मागच्या बाकावर टाळ्या पडल्या. माझ्या गाण्याला आजवर कुणी टाळी दिली नाही आणि ह्या थांब्यांच्या यादीला वन्स मोअर!

तपासणी करू या. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे सोळा बारांचं कडवं पाऊण मिनिटाच्या आत संपतं. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वाजतो, यमक बहुतेकदा चौथ्यावर येऊन बसतं. काका थाप देत होते पहिल्या-तिसऱ्यावर, समेची जुनी सवय. यमक एकही नाही. कुंडईला श्वास संपला. रॅपर श्वासाची जागा लिहितानाच सोडतो, किंवा स्टुडिओत पुढची ओळ वेगळी रेकॉर्ड करून जोडतो. पण हे बसमध्ये कोण ऐकणार? पाहुण्यांच्या लेखी गोवा म्हणजे ट्रान्स हे पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत, घरच्यांच्या लेखी नाट्यसंगीत, आणि हिंदी पिक्चरवाल्यांच्या लेखी रॅप म्हणजे दारूवरच्या आठ ओळी. मधल्या माणसाने फोंड्याच्या बसमध्ये अपमान करून घ्यायचा.

शेवटी मी घुमटाचाच आधार घेतला. उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकत-उघडत खर्ज वाकवायचा. हिपहॉपवाल्यांनीही १९८० च्या रोलंड टीआर-८०८ ह्या ढोलाचे आवाज काढणाऱ्या यंत्राचा किक असाच लांबवला, वाकवला.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्यांनी आमचंच चोरलं!"

चोरी झाली, पण भलत्याचीच. १९६९ साली द विन्स्टन्स ह्या बँडच्या ग्रेगरी कोलमनने वाजवलेला ढोलाचा चार बारांचा तुकडा, जेमतेम सात सेकंदांचा, पुढे हजारो गाण्यांत कापून लावला गेला. तो २००६ मध्ये वारला, तोवर त्याला रॉयल्टीचा छदामही मिळाला नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तोच कंडक्टर म्हणाला, "रॅप पुरे आता. सुटे काढा."