पोकळ झाड पडणारच?

फोनवर फिरणाऱ्या एका मजकुराचं सार असं: जुनी, पोकळ, कललेली सार्वजनिक झाडं आज ना उद्या पडणारच. लहान गावाला तज्ज्ञ परवडत नाही, म्हणून ती सरसकट तोडावीत. तोडायला जीव होत नसेल, तर निदान शेंडे उडवून बुटकी करावीत. यातली भीती खरी आहे, झाडाखाली माणसं मरतात. पण हे लिहिणाऱ्याने झाडाच्या बुंध्याशी वाकून कधी पाहिलेलं दिसत नाही.

आधी पोकळीचं बघू. जुन्या झाडाच्या गाभ्यातलं लाकूड मृतच असतं. पाणी चढतं ते बाहेरच्या ताज्या लाकडातून. वाऱ्यात वाकण्याला विरोध करण्यातही मोठा वाटा बाहेरच्याच थराचा. गोल खोडाचा निम्मा व्यास पोकळ झाला तरी त्याची वाकण्याविरुद्धची ताकद हिशेबाने ६ टक्क्यांच्या आसपासच घटते. ७० टक्के व्यास पोकळ झाला तर २४ टक्के. तिथून पुढे मात्र घसरगुंडी असते: ९० टक्क्यांना जवळपास दोन तृतीयांश ताकद गेलेली. म्हणून ढोली आहे का, यापेक्षा भोवतीची शाबूत भिंत किती जाड उरली हे महत्त्वाचं. अर्थात हा हिशेब अखंड नळीचा झाला. ढोलीचं तोंड मोठं असेल किंवा खोडाला उभी भेग गेली असेल, तर त्यावर विसंबू नये.

याची पहिली चाचपणी लाकडी मोगरीने होते. बुंध्याभोवती फिरत थोड्या थोड्या अंतरावर ठोकायचं. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ जागा ढब्ब वाजते. साल सुटलेली असली तरी आवाज तसाच येतो. त्यामुळे मोगरी निकाल देत नाही, नीट कुठे बघायचं ते दाखवते.

कललेल्या झाडांत दोन जाती. लहानपणापासून उजेडाकडे झुकत वाढलेलं, शेंडा पुन्हा वर वळलेलं झाड त्या कलाला सरावलेलं असतं. पण काल सरळ होतं आणि आज कललंय, कलाच्या उलट बाजूला माती उचलली गेलीय किंवा भेगाळलीय, तर सभा बोलवत बसू नका. आधी खालचा वावर बंद करा.

त्या मजकुरात मुळांचा तर उल्लेखच नाही. झाडाची बहुतेक मुळं मातीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच पसरलेली असतात. गटार नाही तर पाइप टाकायला बुंध्याजवळून चर खणला, की त्या बाजूचा आधार संपला. वरची पालवी पुढे कित्येक महिने हिरवीगारच राहू शकते. तेव्हा तरुण, सरळ, हिरवं म्हणून ते झाड यादीबाहेर ठेवू नका. बुंध्याशी उगवलेली कठीण, फळीसारखी अळंबीही बघा. आत मुळं कुजत असल्याची ती खूण असू शकते.

आणि शेंडे उडवणं? हा सल्ला सगळ्यात वाईट. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७०च्या दशकात मांडलं, की झाड जखम बरी करत नाही, कुजकी जागा आतल्या आत कोंडून घेतं. जाड फांदीचा मधेच घातलेला घाव त्याला सहसा कोंडता येत नाही. त्याच घावाखालून फुटवे फुटतात. त्यांचा जोड वरवरचा असतो, वाढ मात्र भराभर. काही वर्षांनी पुन्हा तेवढंच उंच झाड, आता कुजक्या खुंटांवर उभं. घावाला डांबर फासून काही साधत नाही. छाटायचीच तर वठलेली फांदी छाटा, तीही खोडालगतचा फुगीर कडा शाबूत ठेवून.

राहिला तज्ज्ञाचा खर्च. प्रत्येक झाडाला तज्ज्ञ लागतच नाही. पडलं तर कशावर पडेल, हे गावातल्या कुणालाही कळतं. ओसाड कडेचं वठलेलं झाड घुबडांना राहू द्या. तसंच शाळेच्या फाटकावर असेल तर तोडा, तिथे मजकूरवाल्याशी माझं भांडण नाही. मधली बरीच झाडं छाटणीवर निभतात. कधी झाडाऐवजी खालचं बाकडंच हलवावं, दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम. उरलेल्या संशयित चार-पाच झाडांसाठी जाणकार बोलवावा.

त्यासाठी वर्षातून एक फेरी, प्रत्येक वादळानंतर आणखी एक, आणि एक वही. वहीत ‘झाड धोकादायक’ असं लिहू नका. ‘बेचक्यात भेग, दोन बोटं रुंद’ असं लिहा, म्हणजे पुढच्या फेरीत तिथे तीन बोटं जातात का ते बघता येतं.