वीस ओळींच्या पार्सरबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. सी भाषेत एचटीटीपी रिक्वेस्ट (ब्राउझरने वेब सर्व्हरकडे केलेली मागणी) वाचणारा पार्सर, म्हणजे मजकुराचे भाग वेगळे करणारा कोड, लिहायला मी एकेक बाइट तपासत जाणारं आणि आपण कुठे आहोत हे लक्षात ठेवणारं स्टेट मशीन लिहिलं. तेच काम सीमधली तयार फंक्शन्स स्ट्रटॉक (strtok, मजकूर विभाजकांवर तोडणारं) आणि एसस्कॅनएफ (sscanf, ठरलेल्या साच्याने मजकुरातून भाग काढणारं) वीसेक ओळींत करतात. हेडर म्हणजे रिक्वेस्टमधली ‘नाव: किंमत’ अशी ओळ; त्यातलं नाव आणि कोलन यांच्यामध्ये स्पेस आली की मी सरळ ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’ हे उत्तर) देतो, हा हट्ट आहे. ‘समोरून येईल ते उदारपणे घ्या’ हा इंटरनेटचा जुना संकेत मी मोडतो. आणि तयार लायब्ररी असताना हा खटाटोप कशाला?

स्ट्रटॉकपासून सुरुवात करतो, कारण वीस ओळींच्या पार्सरचा घात तिथेच होतो. तुम्ही त्याला सीआर आणि एलएफ (मिळून ओळीचा शेवट दाखवणारे दोन बाइट) हे दोन विभाजक देता. लागोपाठ आलेले विभाजक तो एकच समजून ओलांडतो. पण हेडर संपले हे एचटीटीपीमध्ये कळतं ते रिकाम्या ओळीवरून, आणि रिकामी ओळ म्हणजे लागोपाठ दोन सीआर-एलएफ. सगळ्यात महत्त्वाची खूणच स्ट्रटॉक गिळून टाकतो. मग बॉडीची (हेडरनंतर येणाऱ्या मुख्य मजकुराची) पहिली ओळ त्याच लूपमध्ये हेडर म्हणून येते. बॉडीत काय लिहायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं. बाहेरून आलं तर पुढचा प्रॉक्सी (रिक्वेस्ट आधी घेऊन मागच्या सर्व्हरकडे धाडणारा मधला सर्व्हर) काढून टाकेल असं एखादं अंतर्गत हेडर तो बॉडीत लिहून आत पोचवू शकतो, आणि कोड ते मुकाट मान्य करतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे आधी स्ट्रस्ट्रने (strstr, मजकुरात मजकूर शोधणारं फंक्शन) रिकामी ओळ शोधायची. पण सॉकेटवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) वाचलेल्या बफरच्या शेवटी नल बाइट (सीमध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) आपोआप येत नाही, तो आपण ठेवायचा असतो. तो ठेवला, तरी पाठवणाऱ्याने हेडरच्या मध्येच एक नल बाइट घातला तर स्ट्रस्ट्र तिथेच थांबतो आणि पुढचं सगळं त्याच्या लेखी नाहीच. नेटवर्कवरून येतात ते बाइट, सीची स्ट्रिंग नव्हे. स्ट्रिंगची फंक्शन्स त्यांच्यावर चालवली की ही गफलत होणारच. म्हणून माझ्या पार्सरमध्ये सगळीकडे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी अशी जोडी आहे.

एसस्कॅनएफबद्दल तुम्ही म्हणता की रुंदी (जास्तीत जास्त किती अक्षरं घ्यायची) दिली की बफर ओव्हरफ्लोचा (राखलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याचा) प्रश्न मिटतो. ओव्हरफ्लो मिटतो, हे खरं. पण रिक्वेस्टच्या पहिल्या ओळीत मेथड (‘गेट’सारखी क्रिया), पाथ (काय हवंय त्याचा पत्ता) आणि व्हर्जन असे तीन शब्द असतात. मेथडला १५ ची रुंदी दिली आणि समोरून २० अक्षरांचा शब्द आला, तर पहिली १५ अक्षरं मेथड ठरतात, उरलेली ५ पाथ ठरतात आणि खरा पाथ व्हर्जनच्या जागी जाऊन बसतो. फंक्शन परत काय देतं? ३. म्हणजे सगळं नीट झालं! शिवाय त्याच्या दृष्टीने ओळीचा शेवट हीसुद्धा नुसती मोकळी जागा. पहिल्या ओळीत फक्त ‘गेट’ असेल तर पुढच्या ओळीतला ‘होस्ट’ उचलून तो पाथ म्हणून हातात ठेवतो.

बॉडी किती बाइटची हे सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थ या हेडरची गोष्ट वेगळी नाही. एटॉयला (atoi, मजकुराची संख्या करणारं फंक्शन) संख्येच्या मागे लागलेला कचरा दिसत नाही, आणि संख्या इंटमध्ये (सीच्या पूर्णांक प्रकारात) मावली नाही तर काय होईल याची भाषा हमी देत नाही. स्ट्रटोउलला (strtoul, ऋण नसलेल्या संख्यांसाठी तेच काम करणारं) ‘-१’ दिलं तर ते चूक न दाखवता त्या प्रकारातली सर्वांत मोठी संख्या परत करतं. प्रमाणानुसार तिथे फक्त अंक चालतात. म्हणून मी एकेक अंक घेतो आणि दहाने गुणण्याआधी मर्यादा तपासतो. हे ओळी वाढवणारं आहे, पण त्या ओळी गाळता येत नाहीत.

आता उदारपणाचा मुद्दा. तो संकेत इंटरनेटच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी जॉन पोस्टेल यांचा, १९८० च्या टीसीपीच्या (नेटवर्कवरून बाइट पोचवण्याच्या नियमांच्या) आरएफसीमधला, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातला. त्या काळात वेगवेगळ्या अंमलबजावण्या एकमेकांशी बोलू लागणं हीच मोठी गोष्ट होती, आणि त्या कामासाठी तो योग्यच होता. आज एक रिक्वेस्ट वाटेत दोन-तीन सर्व्हर वाचतात, आणि त्या सगळ्यांनी ती सारखीच वाचायला हवी. समजा, पुढे असलेला प्रॉक्सी उदार आहे. ‘कंटेंट-लेंग्थ’, मग स्पेस, मग कोलन आणि ४० असं आलं, तर तो स्पेस सोडून देतो, ४० बाइटची बॉडी धरतो आणि सगळं जसंच्या तसं मागे पाठवतो. मागचा सर्व्हर स्पेससकट नाव वाचतो, त्याला ते अनोळखी हेडर वाटतं, म्हणून बॉडी नाही असं तो ठरवतो. ते ४० बाइट त्याच्यासाठी नव्या रिक्वेस्टची सुरुवात असतात. दोघांमधलं कनेक्शन अनेक लोकांच्या रिक्वेस्टसाठी वापरलं जात असेल, तर पुढे येणाऱ्या भलत्याच माणसाची रिक्वेस्ट त्या ४० बाइटना चिकटते. यालाच रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात. २००५ मध्ये ते सविस्तर मांडलं गेलं, आणि २०१९ मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांच्या संशोधनानं पुन्हा ऐरणीवर आलं.

त्यामुळे तो ४०० माझ्या मनाचा नाही. २०१४ चा आरएफसी ७२३० आणि त्याच्या जागी २०२२ मध्ये आलेला ९११२, दोन्ही सर्व्हरला अशी रिक्वेस्ट नाकारायलाच सांगतात. दोन कंटेंट-लेंग्थ वेगवेगळ्या आल्या तर तेच. कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग (बॉडी कशा रूपात, बहुधा तुकड्यातुकड्यांनी, येते हे सांगणारं हेडर) एकत्र आले तर दुसरं प्रमाण मानून, उत्तर देऊन कनेक्शन बंद करायची मुभा आहे. मी ती घेत नाही, नाकारतो. सुटा एलएफ ओळीचा शेवट मानायची मुभाही आहे. तीही मी घेत नाही, कारण माझ्या पुढचा सर्व्हर ती घेतो की नाही हे मला इथे बसून दिसत नाही.

नुसता व्याकरणाचा काटेकोरपणा पुरतो असंही नाही. २०२१ मध्ये एचएप्रॉक्सी या प्रॉक्सीत सापडलेली त्रुटी बघा. हेडरच्या नावाची लांबी तिथे ८ बिटांत (म्हणजे २५५ पर्यंतच) साठवली जात होती आणि मर्यादेची तपासणी राहून गेली होती. २७० बाइटचं नाव पाठवलं की २५६ वजा होऊन उरतात १४, आणि इंग्रजीत ‘कंटेंट-लेंग्थ’ची अक्षरं, मधल्या जोडरेघेसह, बरोबर १४. नाव त्या अक्षरांनी सुरू केलं की आतल्या नोंदीत खोटं कंटेंट-लेंग्थ तयार! इतक्या अनुभवी मंडळींच्या कोडमध्ये हे होतं, म्हणून लांबीच्या प्रत्येक तपासणीबाबत मी इतका आग्रही आहे.

लायब्ररीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. प्रत्यक्ष सेवेसाठी पिकोएचटीटीपीपार्सर किंवा नोडमधला (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीतला) एलएलएचटीटीपी हे तयार पार्सर घ्यावेत; माझा कोड आतलं यंत्र उघडून दाखवण्यासाठी आहे. पण लायब्ररी घेतली म्हणून निर्णय टळत नाहीत. पिकोएचटीटीपीपार्सर हेडरचे पॉइंटर आणि लांब्या देतो. कंटेंट-लेंग्थचा अर्थ लावणं तुमच्याकडेच राहतं. घडी घालून पुढच्या ओळीवर गेलेलं हेडर तो नावाच्या जागी नल पॉइंटर ठेवून देतो, आणि त्याचं काय करायचं तेही तुम्हीच ठरवायचं.

तुमच्या आवृत्तीवर एक चाचणी जरूर करून बघा. एक रिक्वेस्ट तिला एकदम द्या. मग तीच एकेक बाइट करून द्या, कारण टीसीपी तुकडे कुठेही पाडू शकतं, अगदी सीआर आणि एलएफच्या मधोमधसुद्धा. दोन्ही वेळा निकाल तोच यायला हवा. अर्धवट रिक्वेस्टला ‘अजून बाइट हवेत’ आणि चुकीच्या रिक्वेस्टला ‘चूक’ अशी दोन वेगळी उत्तरं तुमच्या फंक्शनला द्यावी लागतील. स्टेट मशीनला हे सहज जमतं, कारण आपण कुठे थांबलो होतो हे त्याच्या स्टेटमध्येच असतं. स्ट्रटॉकवर हे बसवून दाखवलंत तर कोड जरूर पाठवा, मी बारकाईने वाचेन.