साबणातला डायनासोर

आमच्या खानदेशाला साबणाचं नवल नाही. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तेलाच्या कामातून उरलेल्या मालाचा ७८७ नावाचा कपड्यांचा साबण निघू लागला, आणि तीच कंपनी पुढे विप्रो होऊन संगणकात गेली. मी उलट्या वाटेने, संगणकातून साबणात आले.

तेही खेळणी घातलेल्या साबणात. जळगावचा मे महिना, पारा ४४ च्या पुढे, आणि आमचा पुतण्या अंघोळीचं नाव काढू देत नाही. साबणात डायनासोर अडकलेला दिसला, तर त्याला सोडवायला तरी कार्टं हात चोळेल, असा माझा हिशोब.

हिशोबावरूनच आधी वांधे झाले. आमच्या घरी भरताच्या मिरच्यांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळं अंदाजे चालतं. इथे मात्र तेलाचा साबण करतो तो जहाल कॉस्टिक सोडा काट्यावर तोलून घालायचा: एका ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक, शेंगदाणा तेलाला ०.१३६, वर गेलात तर कातडी सोलून निघेल. गॉगल, हातमोजे चढवून मी काटा पुढ्यात घेतला की सासूबाई दारातून विचारतात, "हाई काय से वं माय?" पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं, हे मी सांगत असते. तोवर गॅस न पेटवताच पातेलं चटका बसेल इतकं तापतं, वाफेचा ठसका लागतो, आणि सगळं घर अंगणात.

मग खेळण्यांची छाननी. पुतण्याची लाडकी मोटार पहिल्याच फेरीत बाद, कारण अ‍ॅल्युमिनियम असलं तर कॉस्टिक त्याला खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. तो भोकाड पसरतो. जत्रेतला माकडोबा बाद, त्याचा रंग सुटणार. पोकळ बदक चालेल म्हणावं, तर ते बुडायला तयार नाही. मिश्रण पिठल्याइतकं घट्ट झाल्यावर चोच दाबली की शेपूट वर, शेपूट दाबली की चोच. शेवटी भरीव रबरी डायनासोर पास.

बरं, हा साबण आळला की आरपार काही दिसत नाही. ग्लिसरीनचा तयार बेस वितळवून ओतला तर काचेसारखा होतो, कॉस्टिकची भानगडही नाही. पण त्याला 'मी केला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून डायनासोरची मान बाहेर ठेवली.

वडी दुसऱ्या दिवशी कापता येते, वापरायची मात्र चार ते सहा आठवड्यांनी. तोवर रोज सकाळी उशाशी येऊन, "काकू, झाला का?"

अखेर मुहूर्त लागला. पुतण्या साबण घेऊन न्हाणीघरात शिरला. पाण्याचा आवाज काही येईना. दार ढकललं तर साहेब कोरडे ठणठणीत, हातात कर्कटक, फरशीभर साबणाचा चुरा, आणि डायनासोर बादलीच्या काठावर.

सासूबाईंनी चुरा वेचला, त्यात सासऱ्यांचं धोतर घासलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "आता एकात माझ्या पोराच्या गाडीची किल्ली घाल. रविवारी तो तरी न्हाईल."

किल्ली पितळी आहे. तांब्या-पितळेने साबण लवकर खवट होतो, तेव्हा आधी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळावी लागेल. आणि त्याच्याही आधी, कपाटातली दुसरी किल्ली लपवावी लागेल.