‘कायदाच नव्हता, मग भेदभाव कुठला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ या अमेरिकेतल्या ज्यूद्वेषावरच्या १९४७च्या सिनेमाबद्दल एक मेसेज फिरतोय. मावशीला तो आला आणि तिला पटलाही, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचं म्हणणं असं: हिटलर हरल्यावर अमेरिकेत ज्यूंना काही त्रास नव्हता, तसा कायदाच नव्हता, ज्यू स्टुडिओमालकांनी प्रचारासाठी सिनेमा काढला, आणि या विषयावरचा हा हॉलिवूडचा पहिलाच सिनेमा.

शेवटचं आधी निकालात काढू. त्याच वर्षी, काही महिने आधी, आरकेओ स्टुडिओचा ‘क्रॉसफायर’ येऊन गेला होता. तिथे ज्यू माणसाचा खून होतो.

‘ज्यू मालक’ हेही चूक. निर्माता डॅरिल झॅनक नेब्रास्काचा प्रोटेस्टंट, दिग्दर्शक एलिया कझान इस्तंबूलमध्ये जन्मलेला ग्रीक. कादंबरीकार लॉरा हॉबसन आणि पटकथाकार मॉस हार्ट ज्यू होते, तेवढं मान्य.

आता कायद्याचा मुद्दा. सगळ्यात घातक तोच आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. ज्यूंना घर देऊ नका असा कायदा नव्हता. गरजच नव्हती! घरमालक आपसांत करार करत. शेली विरुद्ध क्रेमर हा ३ मे १९४८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उघडून वाचा. सेंट लुइसच्या एका रस्त्यावरच्या ३९ पैकी ३० मालकांनी १९११मध्ये सह्या केल्या होत्या: पन्नास वर्षं इथली घरं कृष्णवर्णीय किंवा ‘मंगोल’ (म्हणजे चिनी-जपानी अशा पूर्व आशियाई) वंशाच्या माणसांकडे जाणार नाहीत. इतर अनेक वस्त्यांच्या करारांत ज्यूंचंही नाव असे. कोणी करार मोडला की शेजारी कोर्टात जात. न्यायालयाने ठरवलं की असा खाजगी करार करणं घटनाबाह्य नाही, पण कोर्टांनी तो अमलात आणणं घटनाबाह्य आहे.

म्हणजे कागदावरचा करार लंगडा झाला. तोंडी समजुतीला मात्र धक्काही लागला नाही, कारण कोर्टात न्यायला कागदच नव्हता. दलाल घर दाखवतच नसे, मालक ‘आत्ताच दिलं’ म्हणे. सिनेमाचं नाव या तोंडी समजुतीवरून आहे. कनेटिकट राज्यातल्या डेरिएन गावात नायक फिलच्या होणाऱ्या बायकोची, केथीची, कॉटेज रिकामी पडून असते, फिलचा ज्यू मित्र डेव्ह याला घर मिळत नसतं, आणि केथी कुणाचाही द्वेष न करता, फक्त शेजाऱ्यांच्या नाराजीला भिऊन, ती द्यायला कचरते. लेखासाठी स्वतःला ज्यू म्हणवणाऱ्या फिलला हॉटेलचा व्यवस्थापकही थेट नकार देत नाही. आधी तो विचारतो, आपण स्वतः ज्यू धर्म पाळता का, आणि मग म्हणतो, खोल्या भरल्यात, स्टेशनजवळच्या हॉटेलात सोय करू का? फिलच्या सेक्रेटरीने एकाच नोकरीसाठी दोन सारखे अर्ज पाठवलेले असतात. ज्यू वाटणाऱ्या वालोव्हस्की नावाला नकार येतो, वेल्स नावाला होकार.

घर विकताना किंवा भाड्याने देताना धर्म पाहायला देशभर बंदी घालणारा कायदा आला १९६८मध्ये, म्हणजे सिनेमानंतर २१ वर्षांनी.

मेसेजमधली एक तक्रार मात्र योग्य आहे. सिनेमाचा नायक ज्यू नाही. लेखासाठी काही आठवडे तो ज्यू असल्याचं सांगतो, आणि वाटेल तेव्हा त्यातून बाहेर पडू शकतो. युरोपातल्या नरसंहाराबद्दलही सिनेमा जवळजवळ गप्पच आहे. त्यावर टीका जरूर करा. पण ‘त्रास नव्हता’ हे वाक्य मेसेजमधून काढा आणि ज्यांना पाठवलंत त्यांनाही तसं कळवा.