म्हशीची ढेप डुकराला का नको: रावेरच्या दादांना उत्तर

दादा, डुकराला सोयापेंड आणि लायसिन (प्रथिनातला वाढीला लागणारा घटक) द्या, उन्हाळ्यात प्रथिन थोडं कमी करा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "तीन पिढ्या म्हशीला सरकीची ढेप घालतोय, एक म्हैस मेली नाही. डुक्कर तर उकिरड्यावर जगतं, त्याला कसली सोया अन् लायसिनची थेरं? आमच्याकडे बाद केळी फुकट पडलीय. खाद्य विकायचा धंदा दिसतो तुमचा." खाद्य मी विकत नाही भो, विकत घेतो, आणि बिल बघून माझंही तोंड कडू होतं.

म्हशीचं तुमचं म्हणणं खरंच आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. म्हशीच्या पोटात ते बरंचसं प्रथिनाला चिकटून निकामी होतं. डुकराला तसलं पोट नाही, त्याचं पोट आपल्यासारखं. किलोभर खाद्यात मोकळं गॉसिपॉल 100 मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका सुरू होतो, आणि ते अंगात साठत जातं. महिना-दोन महिने डुक्कर टुणटुणीत दिसतं, मग एक दिवस धापा टाकून आडवं होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या वर्षी मीही स्वस्त म्हणून ढेपच घातली. मे महिना, पारा 44 वर, डुकरं धापा टाकताहेत. मी समजलो ऊन लागलं, म्हणून दिवसभर पाणी मारत बसलो. चार गेली. डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं, तर छातीत नुसतं पाणी. उन्हाची धाप आणि ढेपेची धाप वरून सारखीच दिसते, आपल्या भागात फसायला होतं ते इथेच. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिसळून विषाचा जोर कमी करता येतो, पण तेलघाणीवरच्या ढेपेत ते किती आहे हे माहीत नसताना हिराकस तरी मापून कसा घालणार?

केळीबाबत मात्र मी कमी लिहिलं, कबूल. पिकलेली केळी डुक्कर आवडीनं खातं आणि त्यात ताकदही आहे. हिरवी मात्र तुरट लागते, ती तेवढी खात नाही. पण हिशोब करा. 30 किलोचं वाढतं डुक्कर दिवसाला सव्वा किलोच्या आसपास खाद्य खातं, त्यातून त्याला 200 ग्रॅमच्या वर प्रथिन मिळायला हवं. केळीच्या गरात प्रथिन जेमतेम एक टक्का. म्हणजे नुसत्या केळीवर ठेवायचं तर रोज 20 किलो! तेवढी ते खाईल कुठून? म्हणून मक्याचा भरडा थोडा कमी करून त्या जागी केळी घाला. सोयापेंड कमी करू नका. (ज्वारीही चालते, पण आपली दादर ज्वारी भाकरीलाच पुरत नाही.)

"वाढीला प्रथिन लागतं म्हणता आणि उन्हाळ्यात कमी करा म्हणता" हा तुमचा टोला बरोबर बसला, कारण मी नीट उलगडलं नव्हतं. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. ऊन वाढलं की ते आपणहून कमी खातं, कारण पचनाचीही ऊब होते. जादा प्रथिन शरीराला लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं, त्यात ऊब वाढते. चोथ्याचंही तेच, आणि ढेपेत चोथा भरपूर. म्हणून एकूण प्रथिन एक-दोन टक्के उतरवायचं, पण लायसिन घटू द्यायचं नाही, ते वरून पावडरीनं भरून काढायचं. दोन-तीन टक्के तेल घातलं तर ताकद मिळते आणि ऊब कमी होते. तेल घातलेलं खाद्य आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका, खवट होतं.

खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्या. पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी दुपारी हातानं बघा. आपण ज्यानं हात धुणार नाही, ते डुक्कर कसं पिणार?

आणि डुकरांना ढेप किती दिवसांपासून चालू आहे ते आजच कळवा. महिना उलटला असेल तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. बंद केल्यावरही काही दिवस एखाददुसरं दगावू शकतं, तेव्हा दुपारी डुकरांना पळवू नका.